साडेतीन मिनिटांपासून: रिंग फिट अ‍ॅडव्हेंचर, माझा संधिवात आणि म्हार्दोळचा पाऊस

रिंग फिट हा टीव्हीसमोर अंग हलवून खेळायचा व्यायामाचा व्हिडिओ गेम. पहिल्या दिवशी मी तो साडेतीन मिनिटं खेळले. खेळ थांबवला की प्रत्यक्ष हालचाल किती वेळ झाली ते पडद्यावर दिसतं, ते मी वहीत उतरवलं: "14 जून. साडेतीन मिनिटं. गुडघे ठीक. उजवं मनगट दुखतंय." त्या वहीत आता चौदा महिन्यांच्या नोंदी आहेत. हे लिहिताना ती माझ्यासमोर उघडी आहे, त्यामुळे जे सांगते आहे ते आठवणीच्या भरवशावर नाही.

मी गोव्यातल्या म्हार्दोळची. वय 53. सरकारी मराठी प्राथमिक शाळेत शिकवते. नऊ वर्षांपूर्वी मला ऱ्हुमॅटॉइड आर्थ्रायटिस असल्याचं निदान झालं. आमच्याकडे सगळे त्याला नुसता संधिवात म्हणतात आणि "वय झालं की होतंच" असंही म्हणतात, पण वयोमानाने सांधे झिजतात तो हा आजार नव्हे. शरीराची रोगप्रतिकारक शक्ती सांध्यांच्या आतल्या अस्तरावरच उलटते, ते अस्तर सुजतं, आणि सूज ताब्यात आली नाही तर हाडापर्यंत पोचते. माझी दोन्ही हातांची बोटं, मनगटं, गुडघे आणि पावलं यात सापडली आहेत. सकाळी मूठ वळत नाही. दर रविवारी रात्री या आजारावरची मेथोट्रेक्सेट ही गोळी घेते, सोमवार त्यामुळे जड जातो. दुखण्याबद्दल लोकांना सांगता येतं. त्यासोबतचा थकवा कसा सांगायचा हे मला अजून सापडलेलं नाही. पुरेशी झोप होऊनही अंगातून कोणी बळ काढून घेतल्यासारखं वाटतं.

आमच्या परसात जायांचे, म्हणजे जाईचे वेल आहेत. म्हाळसेच्या देवळात जायांची पूजा असते तेव्हा वाड्यावरच्या सगळ्या बायका कळ्या घेऊन बसतात आणि फाती, म्हणजे गजरे करतात. चवथीला, म्हणजे गणेश चतुर्थीला फुगडी असते. मी शाळेत असल्यापासून फुगडी घालत आले, चाळिशीनंतरही घालत होते. निदान झालं त्या वर्षी चवथीला मी बाजूला बसून टाळ्या वाजवल्या, आणि पुढच्या वर्षीपासून मला कोणी उठ म्हणेनासं झालं. प्रेमापोटीच म्हणेनासं झालं. "तुला सोसायचं नाही गो." व्यायामाबद्दल लिहिताना हे सांगते, कारण मला त्या आजारात सर्वांत जास्त गमावल्यासारखं वाटलं ते खेळणं. चालणं, काम करणं कसंबसं सुरूच होतं.

व्यायाम मला माहीत नव्हता असं नाही. फोंड्याला माझी फिजिओथेरपिस्ट आहे, ती माझीच जुनी विद्यार्थिनी. तिने अकरा व्यायाम चित्रांसकट काढून दिले होते, कागद फ्रिजवर लावलेला होता. दर वेळी तीन आठवडे चालायचं आणि मग एखाद्या वाईट दिवसाने तुटायचं. चालायला जावं तर जूनपासून सप्टेंबरपर्यंत आमच्याकडे पाऊस, रस्ता शेवाळलेला, आणि हमरस्त्याच्या कडेने छत्री धरून चालायचं तर छत्री धरणारं मनगट तासाभराने सुजलेलं असायचं.

मग पुण्याहून भाची आली. तिच्या बॅगेत ही रिंग होती. तिने बैठकीच्या खोलीतल्या टीव्हीला खेळाच्या यंत्राचा डबा जोडला आणि म्हणाली, "मावशी, दहा मिनिटं बघ, नाही आवडलं तर बंद करू." मी साडेतीन मिनिटांत दमले, पण बंद कर म्हणाले नाही.

वस्तू काय आहे ते आधी नीट सांगते. निंटेंडो स्विच हे खेळाचं यंत्र 2017 साली आलं. त्यावरचा रिंग फिट अ‍ॅडव्हेंचर हा खेळ ऑक्टोबर 2019 मध्ये निघाला. खोक्यात टपाल तिकिटाएवढी खेळाची चिप, जेवणाच्या ताटाएवढी एक लवचिक रिंग आणि मांडीला बांधायचा पट्टा असतो. यंत्राच्या दोन बाजूंना दोन छोटे कंट्रोलर असतात. उजवा रिंगमध्ये बसवायचा, डावा पट्ट्याच्या खिशात घालून डाव्या मांडीवर बांधायचा. आता तुम्ही जागच्या जागी धावलात की पडद्यावरचं माणूस धावतं. रिंग दाबली की हवेचा झोत सुटतो, ओढली की समोरची नाणी खेचली जातात, खाली धरून दाबली की उडी बसते. वाटेत राक्षस येतात, आणि त्यांना हरवायचं ते व्यायाम करूनच. त्या सगळ्यांचा म्होरक्या ड्रॅगो नावाचा पिळदार स्नायूंचा ड्रॅगन आहे. प्रत्येक राक्षसाला रंग असतो. लाल असला तर हातांचे व्यायाम त्याला जास्त लागतात, पिवळा असला तर पोटाचे, हिरवा असला तर योगासनं. कोणता व्यायाम करायचा हे निवडायचं तुम्ही.

हे वाचायला पोरखेळ वाटतं. माझ्यासारख्या दुखणेकऱ्याच्या दृष्टीने यातली खरी गोष्ट वेगळी आहे. फ्रिजवरच्या कागदावर प्रत्येक व्यायामापुढे "10 वेळा" असं लिहिलेलं होतं. मी चारला थांबले की न झालेले सहा डोळ्यांसमोर राहायचे. इथे मी चार वेळा रिंग वर उचलली तर राक्षसाची चार वेळची ताकद कमी झालेली दिसते. तेवढ्यावर थांबून पाणी प्यायलं तरी ती ताकद परत भरून येत नाही, तो तिथेच उभा राहतो. केलेलं मोजलं जातं. नऊ वर्षांत माझ्या शरीराचं काही मोजायचं म्हणजे सूज, ईएसआर (सूज किती ते सांगणारी रक्ताची तपासणी) आणि दुखऱ्या सांध्यांची संख्या, एवढंच होतं. चार वेळा हात वर गेला याची नोंद कुणीतरी ठेवतंय, हे मला पहिल्याच दिवशी फार भिडलं. वर्गात मी पोरांसाठी हेच करते आणि स्वतःसाठी कधी केलं नव्हतं.

सुरुवातीला खेळ तुमचं वय, वजन आणि व्यायामाची सवय विचारतो, रिंग किती जोरात दाबता ते तपासतो आणि त्यावरून कठीणपणाची पातळी सुचवतो. पातळ्या 1 ते 30 आहेत. संधिवात, दमा, हृदयविकार, कुठलाही जुना आजार असलेल्यांनी सुचवलेली पातळी बाजूला ठेवून 1 पासूनच सुरू करावं, असं मी ठामपणे सांगेन. सेटिंगमध्ये खांदा, पाठ, पोट आणि गुडघा यांच्यासाठी वेगवेगळी मदत चालू करता येते, म्हणजे त्या अवयवावर भार येईल तिथे खेळ सूट देतो. मी गुडघ्याची मदत पहिल्या दिवसापासून चालू ठेवली आहे. सुरुवातीला आणि शेवटी स्ट्रेचिंग आहे, मध्ये मध्ये पाणी प्यायची आठवण आहे, आणि थोडा वेळ झाला की आता थांबायचं का, असं विचारलं जातं. त्या प्रश्नाला "हो" म्हणायची सवय लावून घ्या.

मी लावून घेतली नव्हती. 28 जूनला माझ्या वहीत 26 मिनिटं लिहिलेली आहेत. त्या दिवशी बरं वाटत होतं, बाहेर धो धो पाऊस होता, एक राक्षस राहिला, मग आणखी एक, मग त्या जगाचा (खेळातल्या टप्प्यांना जग म्हणतात) शेवट जवळ दिसायला लागला. खेळताना काहीच दुखलं नाही. रात्री दोन्ही मनगटं गरम झाली, आणि पुढचे पाच दिवस मला खडू धरता आला नाही. फळ्यावर लिहायला चौथीतल्या एका मुलीला उभं करावं लागलं. इतके दिवस कष्टाने ताब्यात ठेवलेला आजार मी स्वतःच्या हाताने उठवला, याचं मला फार वाईट वाटलं. डबा कपाटात गेला.

फिजिओथेरपिस्टकडे गेले तेव्हा वाटलं होतं ती म्हणेल हे बंद करा. ती म्हणाली, "बाई, तुम्ही आम्हाला रोज एकच पाढा द्यायच्या. आज दोनचा आला म्हणून उद्या बाराचा द्यायच्या नाहीत. तसंच करा." मग तिने मला दोन नियम दिले, जे मी आज कुठल्याही दुखणेकऱ्याला डोळे झाकून देईन. पहिला दोन तासांचा: व्यायाम संपल्यावर दोन तासांनी सांधा आधीपेक्षा जास्त दुखत असेल तर ती मात्रा जास्त झाली, पुढच्या वेळी कमी करायची. दुसरा बोलण्याचा: हालचाल चालू असताना पूर्ण वाक्य बोलता आलं पाहिजे, शब्दाशब्दाला श्वास घ्यावा लागला तर वेग उतरवायचा. खेळाला राक्षसाची ताकद कळते, माझ्या सांध्याची कळत नाही. कालची रात्र कशी गेली हे त्याला ठाऊक नसतं, रविवारची गोळी ठाऊक नसते. ते काम आपलं.

12 जुलैला तीन मिनिटांपासून पुन्हा सुरुवात केली आणि आठवड्याला एकच मिनिट वाढवत गेले. मध्ये दोन-तीनदा आहे तिथेच थांबले. दिवाळीला सोळावर पोचले, डिसेंबरात अठरावर. त्यापुढे मी मुद्दामच वाढवलेलं नाही. आठवड्यातून चार दिवस, दुपारी साडेचारला. सकाळी माझे सांधे आखडलेले असतात, शाळेतून आल्यावर जेवून थोडं पडायचं असतं, साडेचारला अंग सर्वांत मोकळं असतं. सोमवारी नाही. जागतिक आरोग्य संघटनेने 2020 मध्ये जी शिफारस केली तीत जुनाट आजार असलेल्या प्रौढांसाठीही आठवड्याला किमान 150 मिनिटं मध्यम हालचाल आणि दोन दिवस स्नायूंच्या बळाचे व्यायाम सांगितले आहेत. त्याच शिफारशीत अजिबात न करण्यापेक्षा थोडं केलेलं बरं, असंही आहे. मी खेळाची 72 मिनिटं आणि उरलेलं चालणं असा हिशोब ठेवते, आणि पावसात तो पुरा होत नाही तेव्हा 72 वर समाधान मानते.

हातांबद्दल जरा सविस्तर सांगते, कारण संधिवाताच्या माणसाला या रिंगची पहिली भीती हातांचीच वाटेल, आणि ती बरोबर आहे. रिंग दाबताना मनगट बाहेर वाकलं की सगळा जोर त्याच सांध्यावर येतो. मनगट सरळ ठेवून, बोटांनी न धरता तळव्याच्या गादीने दाबायचं. रिंगला धरायच्या जागी मऊ कापडी पट्ट्या असतात, त्या काढून धुताही येतात. मी त्यांच्यावर जुन्या सुती साडीचा काठ गुंडाळून मूठ जाड करून घेतली. जाड मुठीला बोटं कमी वळवावी लागतात. हीच युक्ती मी झाऱ्याला आणि पेनालाही करते. जमिनीवर तळवे टेकवून करायचे व्यायाम, म्हणजे प्लँक आणि माउंटन क्लाइंबर, मी कधीच निवडत नाही. मला सर्वांत उपयोगी पडलेला व्यायाम म्हणजे रिंग दोन मांड्यांमध्ये धरून दाबायची. त्यात हातांचं कामच नाही आणि गुडघ्याला धरून ठेवणारे मांडीचे स्नायू मात्र तयार होतात. झाडासारखं उभं राहायचं आसन मी भिंतीला एक हात टेकवून करते. भिंतीचा हात खेळाला कळत नाही. खेळात आपल्या पसंतीचे व्यायाम निवडून स्वतःची यादी बनवता येते, आणि वाईट आठवड्यांत मी गोष्ट बाजूला ठेवून तेवढीच यादी करते. अगदीच वाईट दिवशी काहीच करत नाही. वहीत "आज विश्रांती" लिहिते. तीही नोंदच आहे.

जागच्या जागी धावणं मी धावत करत नाही, सावकाश पावलं उचलते, तरी खेळ ते मानतो. फ्लॅटमध्ये राहणाऱ्यांसाठी एक शांत पद्धतही आहे, तीत धावण्याऐवजी गुडघे थोडे वाकवून वर यायचं असतं, म्हणजे खालच्या मजल्यावर आवाज जात नाही. माझ्या गुडघ्यांना ते पावलं उचलण्यापेक्षा जड गेलं. मडगाव-पणजीच्या इमारतींत राहणाऱ्या संधिवातवाल्यांनी ते जपून करावं.

याचा उपयोग होतो हे नुसतं माझंच म्हणणं नाही. खेळातून व्यायाम ही कल्पना जुनी आहे. 2006 मध्ये निंटेंडोचंच वी हे यंत्र आलं तेव्हापासून अनेक देशांतल्या फिजिओथेरपिस्टांनी पक्षाघात, पार्किन्सन आणि फुफ्फुसांच्या जुनाट आजाराच्या रुग्णांबरोबर ते वापरून पाहिलं. मांडीचा पट्टा आणि रिंग असलेल्या याच खेळाचा एक अभ्यास जपानी डॉक्टरांनी 2021 मध्ये प्रसिद्ध केला. जुनाट कंबरदुखीचे 40 रुग्ण, त्यातल्या निम्म्यांनी आठ आठवडे, आठवड्यातून एकदा 40 मिनिटं हा खेळ खेळला. त्यांची कंबरदुखी कमी झाली आणि दुखत असतानाही आपण कामं करू शकतो हा भरवसा वाढला. हालचालीची भीती मात्र तेवढ्यात गेली नाही. मला यातली भरवशाची आणि भीतीची दोन्ही वाक्यं माझीच वाटतात. बाकीचे पुष्कळसे अभ्यास लहान आणि थोड्या आठवड्यांचे असतात, आणि त्यांतून औषध सोडा असा अर्थ कोणी काढू नये. मी माझी एकही गोळी माझ्या मनाने कमी केलेली नाही.

मला काय फरक पडला? सकाळचं आखडणं दीड तासावरून पाऊण तासावर आलं आहे, पण जानेवारीत डॉक्टरांनी माझं औषध बदललं, त्यामुळे त्याचं श्रेय मी खेळाला देणार नाही. बोटं आहेत तशीच आहेत. बदललं ते पायांचं. खुर्चीतून हात न टेकता 30 सेकंदांत किती वेळा उठता येतं ही एक साधी चाचणी असते. गेल्या जूनमध्ये माझे सात झाले होते, या जूनमध्ये बारा. शाळेच्या पायऱ्या कठड्याला न धरता चढते. देवळात खाली बसते आणि कोणाचा हात न मागता उठते. ज्याला उठायला हात लागतो त्यालाच कळेल, मागावा न लागणं म्हणजे काय ते.

आणि घरातला प्रश्न बदलला. आधी जो येई तो विचारी, "आज किती दुखतंय?" मी खरं सांगितलं तर त्यांचे चेहरे उतरत, खोटं सांगितलं तर मला एकटं वाटे. आता दिराची मुलं दुपारी येतात आणि विचारतात, "काकी, आज कितवं जग?" मग आम्ही ड्रॅगोबद्दल बोलतो. धाकटा पुतण्या माझ्यासाठी राक्षसाचे रंग वाचून दाखवतो आणि कोणता व्यायाम घ्यायचा यावर माझ्याशी हुज्जत घालतो. त्या अर्ध्या तासात मी दुखणेकरी नसते, खेळणारी असते. फुगडीच्या वेळी बाजूला बसायला लागले तेव्हा जे गेलं होतं त्यातलं काहीतरी त्या अर्ध्या तासात परत येतं.

आमचे हे कदंबचे, म्हणजे गोव्याच्या सरकारी बसचे निवृत्त चालक. त्यांना मधुमेह आहे, त्यांना गोष्टीचा खेळ आवडला नाही. ते रात्री जेवणानंतर 2022 मध्ये आलेला निंटेंडो स्विच स्पोर्ट्स लावून बोलिंग खेळतात. जेवल्यावर स्नायू हलले की ते रक्तातली साखर ओढून घेतात, म्हणून वेळ तीच ठेवली आहे. साखर खाली आणणारी औषधं किंवा इन्सुलिन घेणाऱ्यांनी खेळाआधी साखर बघावी आणि हाताशी ग्लुकोज ठेवावं. 70 च्या खाली गेली तर खेळ तिथेच थांबवायचा. रिंग फिटमध्ये कंट्रोलरवर अंगठा धरून नाडीही मोजता येते, पण रक्तदाबासाठी बीटा ब्लॉकर घेणाऱ्यांची नाडी औषधानेच मंद असते, त्यांनी त्या आकड्यापेक्षा बोलण्याच्या नियमावर विसंबावं. नुकताच हृदयविकाराचा झटका आलेल्यांनी, रक्तदाब ताब्यात नसलेल्यांनी, तोल जाऊन पडणाऱ्यांनी आणि चमकत्या प्रकाशाने फिट येणाऱ्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय हात लावू नये.

आता खरेदीचं. मी घेतलं तेव्हा हे यंत्र भारतात अधिकृतपणे विकलं जात नव्हतं, बाहेरून आणणारे विकत. त्यामुळे कंपनीची वॉरंटी इथे कामाची नाही, जो विकतो त्याच्याच शब्दावर सगळं. पणजीतल्या एका दुकानाने मला स्वस्त पडेल म्हणून स्विच लाइट घ्यायला सांगितलं होतं, हेही चालतं म्हणाले. भाचीने फोनवर वेळीच थांबवलं. लाइट टीव्हीला जोडता येत नाही, त्याचे कंट्रोलर सुटे होत नाहीत, ते वेगळे विकत घ्यावे लागतात आणि पडदा साडेपाच इंचांचा. माझ्या वयाच्या डोळ्यांना तीन हात लांबून त्यावर काय दिसणार? मग मी साधं स्विच वापरलेलं घेतलं आणि रिंगचा खोका नवा. दोन्ही मिळून 31,000 रुपये गेले. शिक्षिकेच्या पगारात हा विचार करून करायचा खर्च आहे, मी दोन महिने विचार केला. तेवढ्यात फिजिओथेरपीच्या कितीतरी बैठका होतात हे खरं. पण ती बैठक मला शिकवते, रोज साडेचारला उठवत नाही. मला दोन्ही लागतात, आणि निवड करायचीच झाली तर आधी फिजिओथेरपिस्ट, मग खेळ.

खेळ मराठीत नाही, हिंदीतही नाही. इंग्रजीत वाचायला आणि ऐकायला लागतं. मी पहिल्या आठवड्यात वहीच्या मागच्या पानावर व्यायामांची नावं आणि माझ्या भाषेतला अर्थ लिहून काढला. आता शेजारच्या काकी तीच पानं बघून खेळतात. त्यांना इंग्रजी येत नाही, पण चित्र समोर करून दाखवतं, तेवढं पुरतं.

गोव्याच्या पावसाचीही सोय करावी लागते. जुलैत आमच्या कौलारू घरात पुस्तकांना बुरशी येते, मग यंत्राचं काय विचारता. खेळून झाला की मी सगळं हवाबंद डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांबरोबर ठेवते. रिंगचा कापडी भाग घामाने ओला झालेला असतो, तो पंख्याखाली वाळवल्याशिवाय डब्यात जात नाही. लाईट जातेच, पण यंत्राला स्वतःची बॅटरी आणि पडदा आहे. ते टेबलावर उभं करून खेळ पुरा करता येतो, जवळ बसावं लागतं एवढंच. ओल्या दिवसांत लादीला घाम सुटतो. अनवाणी खेळू नका, मोजे घालून तर नकोच. मी रबरी चटई अंथरते आणि मांडीचा पट्टा परकरावर न बांधता सलवारीवर बांधते. सैल कपड्यावर तो घसरतो आणि पावलं नीट मोजली जात नाहीत.

पुढच्या आठवड्यात चवथ. फुगडीत समोरचीचे हात घट्ट धरायचे असतात, ते माझ्या बोटांना झेपणार नाही, ते मी मान्य केलं आहे. पण यंदा वाड्यावरच्या पोरींना सांगितलं आहे की बसफुगडी आणि गोल फिरायची फुगडी, हात न धरता टाळ्यांवर, त्यात मला घ्या. कमरेतून आणि गुडघ्यांतून मी तयार आहे.

आपल्या आसपास कोणी संधिवाताचं असेल आणि 31,000 घालण्याआधी रिंग हातात घेऊन बघावीशी वाटत असेल, तर म्हार्दोळला आमच्याकडे या. चवथीचे दिवस आणि सोमवार सोडून कधीही, साडेचारच्या सुमाराला. पहिल्या दिवशी साडेतीन मिनिटांवर मी थांबवणार, आणि वही माझ्याकडे आहे.